सहलीचा तिसरा दिवस: मराठी मंडळांच्या सहल समित्यांना खुले पत्र

सहल समितीच्या सर्व मंडळींना सप्रेम नमस्कार.

मार्च उजाडला की मला ओळखीच्या-अनोळखी मराठी माणसांचे फोन यायला लागतात. मी अमेरिकेतल्या वायोमिंग राज्यात आय-९० महामार्गापासून पाच मिनिटांवर राहते. माझा नंबर तुमच्या वह्यांमधून एका समितीकडून दुसरीकडे वारसाहक्काने जात असावा. प्रश्न ठरलेले असतात: पेट्रोल कुठे भरायचं, व्हेज काय मिळेल, स्वच्छ रेस्टरूम कुठे आहे. मग सहलीचा कागद येतो. पहिला दिवस माउंट रशमोर, दुसरा डेव्हिल्स टॉवर, चौथ्यापासून येलोस्टोन. तिसऱ्या दिवसासमोर लिहिलेलं असतं, ‘नुसता ड्राइव्ह’. हे पत्र त्या तिसऱ्या दिवसाबद्दल आहे.

गेल्या उन्हाळ्यात एका मंडळाची बस बफेलो गावात वीस मिनिटं थांबली. मी थर्मासमधून चहा आणि डबाभर चकल्या घेऊन गेले होते. एक काका बसमधून उतरले, पाय मोकळे केले, चारी दिशांना नजर फिरवली आणि म्हणाले, “अहो, इथे काहीच नाही. नुसतं गवत.” मी हसून चहा पुढे केला. घरी येताना मात्र चुटपुट लागून राहिली. काका बरोबरच बोलले होते. इथे गवतच आहे. त्या गवतावरून इथे किती माणसं मेली, हे त्यांना सांगायचं राहून गेलं.

तुमची बस जिथे थांबली ती जॉन्सन काउंटी. बफेलो हे तिचं मुख्य गाव, वस्ती साडेचार हजारांच्या आत-बाहेर. अख्ख्या काउंटीत साडेआठ हजार माणसं, आणि क्षेत्रफळ चार हजार चौरस मैलांच्या वर. आपल्याकडच्या एखाद्या मोठ्या गावाएवढी माणसं एका जिल्ह्याएवढ्या जागेत. पश्चिमेला बिगहॉर्नचे डोंगर, जूनमध्येही डोक्यावर बर्फ. पूर्वेला पावडर नदीचा उघडा, कोरडा मुलूख. गावाच्या नावाचा रानरेड्यांशी संबंध नाही बरं का. संस्थापकांनी नावांच्या चिठ्ठ्या टोपीत टाकल्या आणि न्यूयॉर्क राज्यातल्या बफेलोहून आलेल्या कोणाची तरी चिठ्ठी निघाली, असं सांगतात. मी हे सांगितलं की पाहुण्यांचा हमखास विरस होतो.

आता गवताकडे येते.

१८६३ मध्ये मोंटानात सोनं सापडलं. तिकडे लवकर पोचायला जॉन बोझमन आणि त्याच्या साथीदाराने पावडर नदीच्या मुलुखातून आडवाट काढली. हा मुलूख लाकोटा, शायेन आणि अरापाहो या मूळ रहिवासी लोकांच्या शिकारीचा. त्यांच्या आधी क्रो लोकांचा. गोऱ्यांच्या गाड्या सुरू झाल्या, गाड्यांना संरक्षण हवं म्हणून १८६६ मध्ये सैन्याने फोर्ट फिल कर्नी बांधला: सतरा एकरांचा, चहूबाजूंनी पाइनच्या ओंडक्यांचा कूस. बफेलोपासून आज गाडीने वीस मिनिटं लागतात. मूळ किल्ल्यातलं काही उरलेलं नाही, कारण दोनच वर्षांत सैन्य निघून गेलं आणि शायेन लोकांनी तो जाळून टाकला. अमेरिकेच्या सरकारने लढाई हरून किल्ले सोडून दिले, अशी उदाहरणं फार नाहीत. हे त्यातलं एक. त्याचं श्रेय ज्या लाकोटा पुढाऱ्याला दिलं जातं त्याचं नाव माख्पिया लूता, इंग्रजीत रेड क्लाउड.

किल्ल्यापासून थोड्या अंतरावर एक उघडी डोंगरधार आहे. २१ डिसेंबर १८६६ रोजी कॅप्टन विल्यम फेटरमन लाकूडतोड्यांच्या मदतीला निघाला. पलीकडची धार ओलांडू नकोस असा हुकूम असताना तो थोड्याशा घोडेस्वारांच्या हुलकावणीला भुलून ती ओलांडून गेला. तो धरून ८१ जण मेले, तासाभराच्या आत. लाकोटा लोक या लढाईला ‘हातात शंभर’ म्हणतात. लढाईआधी त्यांच्यातल्या एका द्रष्ट्याने आपल्या हातात शंभर शत्रू दिसतात असं सांगितलं होतं, त्यावरून हे नाव.

त्या धारेवर दगडगोट्यांचा रचलेला एक मनोरा आहे आणि त्यावर धातूचा लेख. त्यातलं शेवटचं वाक्य तुमच्या मंडळींना उभं राहून वाचायला लावा. त्याचा अर्थ होतो, ‘कोणीही वाचले नाही.’ मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा मान हलवून पुढे गेले. दुसऱ्या खेपेला माझी भाची बरोबर होती, दहा वर्षांची. ती म्हणाली, “मावशी, पण जे जिंकले ते वाचले असतील ना?” शेकडो माणसं वाचली होती. संध्याकाळी आपापल्या तळावर गेली होती, आपले मेलेले बरोबर घेऊन. लेख कोरणाऱ्याने ती मोजलीच नाहीत. किल्ल्याच्या आवारातल्या आजच्या फलकांवर दोन्ही बाजू आहेत. मनोऱ्यावरचं वाक्य मात्र तसंच ठेवलंय, आणि मला वाटतं ते तसंच राहावं.

त्याच रात्री बर्फाच्या वादळात जॉन फिलिप्स नावाचा माणूस मदत मागायला घोड्यावरून निघाला आणि २३६ मैलांवरच्या फोर्ट लॅरमीला नाताळच्या रात्री पोचला. वाटेतला काही भाग त्याला सोबत होती, पण कथेत तो एकटाच असतो. लोक त्याला ‘पोर्तुगी’ म्हणत. तो अझोर्स बेटांवर जन्मला होता. म्हणजे इथल्या पायोनियरांच्या गोष्टीतला हा नायकसुद्धा परमुलखातून आलेला, आडनाव बदललेला माणूस. आपल्यातल्या अनेक ‘सॅम’ आणि ‘व्हिक’ मंडळींना तो जवळचा वाटायला हरकत नाही.

१८६८ च्या तहाने हा मुलूख लाकोटांच्या शिकारीसाठी राहिला. तो टिकला जेमतेम आठ वर्षं. ब्लॅक हिल्समध्ये सोनं सापडलं आणि तह गुंडाळला गेला. तुम्ही पहिल्या दिवशी माउंट रशमोरला जिथे चार अध्यक्षांच्या चेहऱ्यांसमोर फोटो काढता, तेच हे ब्लॅक हिल्स. ती जमीन बेकायदा घेतली म्हणून १९८० मध्ये सुप्रीम कोर्टाने दहा कोटींहून जास्त डॉलरची भरपाई कायम केली. लाकोटांनी ते पैसे अजून उचललेले नाहीत. त्यांना जमीन हवी आहे. हे बसमध्ये माइकवर सांगायला दोन मिनिटं पुरतात, अंताक्षरीच्या मध्ये.

लाकोटा आणि शायेन लोकांना राखीव मुलखात कोंडल्यावर गवत मोकळं झालं आणि टेक्सासकडून गुरांचे तांडे आले. इथे ‘रँच’ या शब्दाने आपली फसगत होते. आपल्याला वाटतं मोठं शेत, कुंपण, मालक. सुरुवातीला असं काही नव्हतं. सगळं सरकारी गायरान. मालकाची स्वतःची जमीन नदीकाठच्या तुकड्याएवढी आणि गुरं हजारोंनी, सगळ्यांची एकत्र चरणारी. कोणाचं जनावर कोणतं हे फक्त कातडीवरच्या डागावरून कळायचं. वसंतात सगळी गुरं गोळा करायची, वासरू ज्या गाईच्या मागे त्या गाईचा डाग त्याला द्यायचा.

डागांची एक लिपीच आहे. आडवं पडलेलं अक्षर ‘आळशी’, खाली कमान असलेलं ‘झुलतं’, पंख फुटलेलं ‘उडतं’. वाचायचं डावीकडून उजवीकडे आणि वरून खाली. बफेलोच्या दक्षिणेला पंचेचाळीस मैलांवरच्या केसी गावाचं नावसुद्धा ‘के’ आणि ‘सी’ या डागावरून पडलं. आईच्या मागे नसलेलं, डाग नसलेलं वासरू म्हणजे मॅव्हरिक. सगळं भांडण या बेवारस वासराचं आहे. बड्या मालकांच्या संघटनेने १८८४ मध्ये कायदा करून घेतला: अशी वासरं संघटनेच्या ताब्यात जाणार आणि लिलाव संघटनेच्या देखरेखीत होणार. स्वतःची चार गुरं पाळणाऱ्या काउबॉयला कामावर घ्यायचं नाही असंही ठरलं. कालपर्यंत जे वासरू दिसेल त्याला डाग देणं हा रिवाज होता, त्यावरच कित्येक बड्यांचे कळप वाढले होते. आता तेच लहान माणसाने केलं की तो गुरंचोर.

बडे मालक कोण होते? पुष्कळदा इंग्लंड-स्कॉटलंडचे पैसेवाले. पावडर नदीवर मोर्टन फ्रेवन नावाच्या इंग्रज जमीनदारपुत्राने ओंडक्यांची दुमजली हवेली बांधली होती. लोक तिला किल्ला म्हणत. त्याच्या बायकोची बहीण म्हणजे विन्स्टन चर्चिलची आई. १८८२ मध्ये त्याने लंडनच्या भांडवलावर गुरांची कंपनी काढली आणि ती काही वर्षांतच बुडवली. ‘मॉर्टल रुइन’ हे त्याचं टोपणनाव. ‘मोर्टन’चं ‘मॉर्टल’, आणि ‘रुइन’ म्हणजे सत्यानाश. इथून हात झाडून हा गृहस्थ पुढे कुठे गेला असेल? हैदराबादला, निजामाचे दिवाण दुसरे सालारजंग यांच्या दिमतीला. तेव्हा आपला मराठवाडा त्या निजामाच्याच राज्यात होता. मी औरंगाबादची. वायोमिंगच्या माळावर उभी राहून हे पहिल्यांदा वाचलं तेव्हा जग फार लहान वाटलं, आणि फ्रेवनचा थोडा रागही आला.

१८८६ चा उन्हाळा कोरडा गेला, गायरान आधीच खरवडलेलं होतं, आणि पाठोपाठ आलेल्या हिवाळ्यात गुरं उभ्या उभ्या मेली. बडे मालक कर्जात गेले. त्याच काळात लहान शेतकरी येतच होते. १८६२ च्या होमस्टेड कायद्याने १६० एकर मागता यायचे, पाच वर्षं राहून कसले की मालकी. इथल्या कोरड्या मातीत १६० एकरांवर कुटुंब जगवणं अवघड, पण माणूस पाण्याजवळचा तुकडा घेऊन कुंपण घालायचा आणि मग बड्यांच्या गुरांचं पाणी तुटायचं. पुढचं तुम्ही ओळखलं असेल. महाराष्ट्रात गायरान, बांध आणि पाणी यांवरून होणारी भांडणं पाहिलेल्या माणसाला हे समजायला दुभाषा लागत नाही.

एप्रिल १८९२ मध्ये शायेन शहरातून एक खास रेल्वेगाडी कॅस्परला निघाली. आत पन्नासच्या आसपास हत्यारबंद माणसं. त्यातली वीसेक टेक्सासहून भाड्याने आणलेली, बाकीचे मालक, त्यांचे मॅनेजर, आणि सोबत शिकागोच्या वर्तमानपत्राचा वार्ताहर. जॉन्सन काउंटीतल्या ठार मारायच्या माणसांची यादी बरोबर होती. बातमी फुटू नये म्हणून तारायंत्राच्या तारा तोडल्या. ९ एप्रिलला पहाटे त्यांनी के-सी रँचच्या झोपडीला वेढा घातला. आत नेट चॅम्पियन आणि निक रे. लहान कळपवाल्यांमधलं चॅम्पियन हे मोठं नाव. रे सकाळीच गोळी लागून पडला आणि काही तासांनी मेला. चॅम्पियन दिवसभर एकटा लढला आणि मधल्या वेळात खिशातल्या वहीत लिहीत राहिला. मी आणि निक नाश्ता करत होतो तेव्हा हल्ला झाला, अशी सुरुवात. मग एका ठिकाणी: पोरांनो, मला आत्ता फार एकटं वाटतंय, कोणीतरी सोबत असतं तर सगळ्या बाजूंवर एकदम नजर ठेवता आली असती. दुपारी हल्लेखोरांनी गाडीभर गवत आणि लाकूड पेटवून झोपडीला लावलं. चॅम्पियन बाहेर धावला आणि मारला गेला. त्या वार्ताहरामुळे वहीतला मजकूर छापून आला. मूळ वही गेली, तेव्हा त्यातला शब्द न्‌ शब्द त्याचाच आहे का यावर अभ्यासकांचे वाद आहेत. मला स्वतःला ‘एकटं वाटतंय’ हे वाक्य रचलेलं वाटत नाही. चॅम्पियन आणि रे दोघांची कबर बफेलोच्या स्मशानभूमीत आहे.

धूर आणि गोळीबार पाहिलेल्या माणसांनी बफेलोत बातमी पोचवली. रॉबर्ट फूट नावाचा दुकानदार घोड्यावर बसून रस्त्यावर फिरला, लोकांना हाका मारल्या, दुकान उघडून बंदुका आणि काडतुसं वाटली. शेरीफ रेड अँगस आणि शेकडो माणसांनी हल्लेखोरांना गावाच्या दक्षिणेला तेरा-चौदा मैलांवरच्या टी-ए रँचवर उलटं कोंडलं. तीन दिवस वेढा. गाडीवर ओंडके रचून त्या आडून पुढे सरकायचं आणि डायनामाइट फेकायचं अशी तयारी झाली होती. तेवढ्यात गव्हर्नरची तार अध्यक्ष बेंजामिन हॅरिसन यांच्यापर्यंत गेली आणि जवळच्या फोर्ट मॅकिनीहून घोडदळ येऊन पोचलं. कोणाला वाचवायला? कोंडलेल्या हल्लेखोरांना. ज्यांनी तारा तोडल्या त्यांचाच जीव शेवटी तारेने वाचला.

पुढचा खटला शायेनला. साक्षीदार गायब केले गेले, कैद्यांचा खर्च जॉन्सन काउंटीच्या माथी, आणि तो भागवायला तिजोरीत पैसा नाही. जानेवारी १८९३ मध्ये खटला काढून टाकला. एकालाही शिक्षा झाली नाही. दोन्हीकडच्या घरांतली मुलं नंतर एकाच शाळेत शिकली. गावात पुढची कित्येक वर्षं हा विषय काढायची चोरी होती.

टी-ए रँचचं ते लाकडी कोठार अजून उभं आहे. जागा खाजगी आहे, आधी विचारून जायचं. आतून बघितलं तर फळ्यांमध्ये भोकं दिसतात आणि त्यातून उन्हाच्या काड्या आत पडलेल्या असतात. मी एका भोकात करंगळी घातली. पहिल्या पेरापर्यंत गेली. कडा आता गुळगुळीत झाल्यात, माझ्यासारख्या किती जणांनी बोटं घातली असतील. कोठारात घोड्यांचा आणि वाळक्या गवताचा वास होता. बाहेर रँचवरचा एक मुलगा ट्रॅक्टरला शिव्या देत होता.

मेंढपाळांबद्दल थोडंसंच लिहिते, कारण तुमच्या बसला तिथे थांबा नाही. १९०२ मध्ये फ्रान्सच्या बाजूच्या बास्क मुलखातून जाँ एस्पोंडा इथे आला, मागून त्याचे नातलग आणि गाववाले आले. मेंढ्या हिवाळ्यात माळावर, उन्हाळ्यात बिगहॉर्नच्या वर. माळावरच्या चाकांच्या घरात एक माणूस, एक चूल, दोन कुत्री. आपल्याकडे दिवाळीनंतर कोकणात उतरणारे धनगरांचे वाडे ज्यांनी पाहिलेत, त्यांना ही येरझार ओळखीची वाटेल. एकटेपणात या माणसांनी टेकड्यांवर दगडांचे मनोरे रचून ठेवले. त्यांवर कसलाही लेख नाही. फेटरमनच्या मनोऱ्यापेक्षा मला ते जास्त आवडतात.

आता मागण्या. बफेलोला एक रात्र मुक्काम ठेवा. १८८० मध्ये सुरू झालेलं ऑक्सिडेंटल हॉटेल अजून चालू आहे. सगळ्यांना तिथे परवडणार नाही, पण आत चक्कर मारून छतातली गोळ्यांची भोकं बघता येतात. जवळच जिम गॅचेल संग्रहालय आहे. गॅचेल हा औषधविक्या. १९०० मध्ये त्याने इथे दुकान टाकलं. लाकोटा आणि शायेन म्हाताऱ्यांशी त्याची दोस्ती, आणि त्यांनी दिलेल्या वस्तूंनी त्याचं दुकान भरत गेलं. तो गेल्यावर १९५७ मध्ये लोकांसाठी संग्रहालय उघडलं. दोन तास द्या.

दुसरी मागणी जरा टोचेल. एका मंडळाच्या वार्षिक पिकनिकला ‘वाइल्ड वेस्ट’ थीम होती. मीही गेले होते. मोठ्यांना काउबॉय हॅट, लहानांच्या डोक्याला रंगवलेली कोंबड्याची पिसं आणि गालांवर पट्टे, आणि माइकवर ‘रेड इंडियन्स इकडे या’. कोणाच्या मनात वाईट नव्हतं, हे मी शपथेवर सांगेन. पण गरुडाचं पीस त्या लोकांमध्ये मिळवावं लागतं, लढाईत किंवा सेवेत. उद्या कोणी थीम पार्टीला गंमत म्हणून आपल्या वारकऱ्यांची वीणा गळ्यात अडकवून नाचला तर आपल्याला जे वाटेल, तेच. हॅट घाला, खुशाल घाला, इथल्या उन्हात ती लागतेच. पिसं राहू द्या. आणि ‘रेड इंडियन’ऐवजी लाकोटा, शायेन, क्रो म्हणा. तीन शब्द आहेत, मुलं पटकन शिकतात.

तिसरी मागणी म्हणजे एक शंका आहे. १९६५ मध्ये अमेरिकेचा स्थलांतराचा कायदा बदलल्यावर आलेल्या आपल्या पहिल्या पिढीला आपण कौतुकाने ‘पायोनियर’ म्हणतो. शाल-श्रीफळ देतो, स्मरणिकेत फोटो छापतो. त्यांनी खूप सोसलं, मला त्यात शंका नाही. माझे सासरे त्यातलेच, पहिल्या थंडीत त्यांच्याकडे एकच कोट होता. पण या काउंटीत राहिल्यापासून तो शब्द माझ्या तोंडातून सहज निघत नाही. पायोनियर कोणाच्या गवतावर उतरला, हा प्रश्न इथे शब्दाबरोबरच येतो. मग आपल्या माणसांना काय म्हणावं? सासऱ्यांना विचारलं तर म्हणाले, “आधी आलेले म्हण. त्यात काय.” मला ते पटलं. स्मरणिकेत छापायला कसं वाटतं बघा.

शेवटी कामाचं. बफेलोहून पश्चिमेला यूएस-१६ ने जा, पावडर रिव्हर खिंड ९,६६६ फुटांवर आहे आणि मे महिन्यातही वर बर्फ पडतो, तेव्हा स्वेटर बसच्या पोटात टाकू नका. किल्ल्याचं माहिती केंद्र हंगामाबाहेर बंद असू शकतं, आधी फोन करा. गावातली स्वयंपाकघरं रात्री लवकर मिटतात. पन्नास माणसं असतील तर आठ दिवस आधी कळवा, मी मोठं पातेलं काढते. पोहे होतील, पिठलं-भातही होईल. आणि ते गवतवाले काका पुन्हा येणार असतील तर त्यांना पुढच्या सीटवर बसवा, मला त्यांच्याशी बोलायचं आहे.

कळावे,
आय-९० च्या काठावरची तुमची नेहमीची चहावाली